कात्रीनं कापलेले नूडल्स

१

चष्मेवाल्याचा डबा त्या दिवशी घरीच राहिला. एरवी असं होत नसे. विसराळूपणा हा त्याच्या थोरल्या भावाचा प्रांत होता. दुकान दोघांचं, पण वाटणी ठरलेली: दादानं पुढे बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं आणि यानं मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. दुनियेला चष्मे लावणाऱ्या या घरात सगळ्यात मोठा नंबर चष्मेवाल्याचाच होता. चष्मा काढला की वीतभर अंतरापलीकडे सगळा आनंद. समोर म्हैस आहे की मेहुणा, हे आवाजावरून ठरवावं लागे.

दुकान या गल्लीत हलवून काही महिने झाले होते. समोरच एक तिबेटी-चिनी हॉटेल होतं. त्याच्या काचांवर थंडीत कायम वाफ धरलेली असे, त्यामुळे आत कोण बसलंय ते रस्त्यावरून कधी दिसत नसे. दादा म्हणाला, "जा की समोर. स्वस्त आहे आणि पोट भरतं." म्हणून हा गेला.

दार ढकलताच वरची घंटी वाजली. खोली लहान, टेबलं चिकटून चिकटून, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं पिवळं पडलेलं चित्र. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कढईवर झारा आपटल्याचा आवाज येत होता. तो झारा चिनी नवऱ्याचा. नवरा कधी कुणाला दिसत नसे, फक्त ऐकू येई. बाहेरचं सगळं त्याची तिबेटी बायको बघायची. दोन वेण्या, कमरेला एप्रन आणि एप्रनला दोरीनं बांधलेली कात्री.

चष्मेवाला कोपऱ्यातल्या टेबलावर बसला आणि पाटी वाचायला मान वर करतो तोच मालकीणबाईंनी त्याच्यासमोर थुक्प्याचा, म्हणजे तिबेटी नूडल्स-सूपचा, मोठा बाऊल आणून ठेवला. वर कांद्याची पात नव्हती. शेजारच्या सगळ्या बाऊलांत होती. पात तो लहानपणापासून काढून टाकायचा, पण हे बाईंना कोण सांगणार? तो विचारणार, इतक्यात त्यांनी एक छोटा बाऊल समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि कात्री सोडवून आतले नूडल्स कापायला लागल्या. कच, कच, कच.

"मुलगी हात धुवायला गेली वाटतं?" त्यांनी विचारलं.

"माझी मुलगी? ती शाळेत आहे."

"अगं बाई, एकटेच आलात होय. सवयीनं कापले बघा. दर गुरुवारी दोघं येता ना, मला वाटलं, आज वार बदललात."

"मी इथे पहिल्यांदाच येतोय, बाई."

बाई खळखळून हसल्या. "तुमचं हे नेहमीचंच," त्या म्हणाल्या आणि छोटा बाऊल उचलला. जाता जाता वळल्या. "पण पोरगी गुणाची आहे हो. शेवटचा नूडल संपेपर्यंत जागची हलत नाही."

तेव्हा कुठे चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याच्या मुलीला घरात भिंगरी म्हणत, ते काही उगाच नाही. एक घास खाऊन ती खोलीला दोन फेऱ्या मारायची. जागची न हलणारी मुलगी ती नव्हेच. दुसऱ्या कुणाची तरी असणार, आणि तिचा बाप आपल्यासारखा दिसत असणार. थुक्पा चांगला होता. तो सगळा संपवून उठला.

२

रात्री जेवताना त्यानं ही गंमत बायकोला सांगितली. बायको हॉस्पिटलात परिचारिका होती. दिवसभर माणसं बघून तिला कशाचंच फारसं नवल वाटत नसे.

"एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणे," ती म्हणाली. "त्यातला एखादा कामाचा निघाला तर त्याला घरी घेऊन या. नळ गळतोय चार दिवस."

दोघंही हसले. भिंगरी हसली नाही. ती ताटासमोर बसून होती, आणि बसूनच होती. ती इतका वेळ एका जागी बसली आहे, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तिनं घेवड्याची एक लांब शेंग उचलली आणि आईपुढे धरली.

"आई, कापून दे ना. तिथल्यासारखी."

"कुठल्यासारखी गं?" आईनं विचारलं, पण तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं आणि ती उठून आत धावली.

चष्मेवाल्यानं हातातला घास ताटात ठेवला. "कुठे कापून देतात भिंगरे?" त्यानं हळूच विचारलं.

भिंगरीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ओठांवर बोट ठेवलं आणि खुदकन हसली. "तूच म्हणालास ना बाबा, घरी बोलायचं नाही म्हणून."

"मी? कधी?"

"असं काय करतोस," ती म्हणाली, आणि तिला तो खेळ वाटला असावा, कारण तिनं दोन्ही डोळे मिचकावले. एकच डोळा तिला अजून मिचकावता येत नव्हता.

अंथरुणात पडल्यावर त्यानं स्वतःची समजूत घातली. पोरीचे कान तिखट. आपण कात्रीचं सांगितलं ते तिनं ऐकलं आणि त्यात आपला मीठमसाला घातला. सात वर्षांची मुलं हेच करतात. समजूत चांगली होती, पण झोप काही आली नाही. पडल्या पडल्या तो आठवत राहिला, आणि त्याला पक्कं आठवलं की बायकोला सांगताना त्यानं कात्रीचा विषयच काढला नव्हता.

३

चष्मेवाला हिशेबी डोक्याचा माणूस. माणसं चुकीचं बघतात, यावर तर त्याचं घर चालत होतं. मालकीणबाईंची नजर अधू असणार, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात बोलावलं. फुकट डोळे तपासून देतो, म्हणाला. बाई लगेच हात पुसत आल्या.

त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर अक्षरांचा तक्ता लावला. बाईंनी वरची ओळ वाचली, मधल्या वाचल्या, अगदी तळाची बारीक ओळ वाचली आणि तिच्याखाली तक्ता छापणाऱ्यानं आपला पत्ता टाकला होता, तोही वाचून दाखवला. असे स्वच्छ डोळे त्याच्या दुकानात वर्षभरात आले नव्हते.

"झकास आहेत डोळे," तो म्हणाला.

"ते माहितीय मला. तुम्ही एवढ्या प्रेमानं बोलावलंत म्हणून आले." बाई त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या. "चष्म्यात वेगळे दिसता हो तुम्ही. आमच्याकडे कधी लावत नाही ना."

"लावत नाही?"

"गुरुवारी नसतो. बिनचष्म्याचेच येता. काल लावून आलात, तेव्हा मला वाटलं, आता लागला वाटतं."

बाई गेल्यावर तो मागच्या खोलीत आला. चष्म्याशिवाय त्याला रस्ता ओलांडता आला नसता. म्हणजे तो आपण नव्हे, हे तर पक्कं झालं. पण त्यातून धीर यायला हवा होता, तो आला नाही. एकच शंका उरली होती आणि तीही फेडून टाकावी म्हणून त्यानं दादाला विचारलं, "गुरुवारी दुपारी मी कुठे असतो रे?"

"कुठे असतोस म्हणजे?" दादा म्हणाला. "मागे काचा घासत बसतोस. मशीनच्या आवाजानं मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही. का रे? बरं वाटत नाहीये का?"

"बरंय," तो म्हणाला. त्याला अजिबात बरं वाटत नव्हतं.

४

बाकीच्या दिवशी बायको दुपारी घरी येई आणि भिंगरीला शाळेतून आणी. गुरुवारी तिची मोठी पाळी, म्हणून त्या एका दिवशी भिंगरी शाळा सुटल्यावर पाळणाघराच्या काकूंकडे जायची. काकू कडक होत्या. ओळखीचा चेहरा दिसल्याशिवाय मूल दाराबाहेर सोडत नसत. चष्मेवाला गेला तेव्हा त्या मुलांचे मोजे वाळत घालत होत्या.

"काकू, गुरुवारी भिंगरीला कुणी न्यायला येतं का?"

काकूंनी मोजा तसाच हातात धरला. "कुणी म्हणजे? तुम्हीच येता की. जेवायला नेता आणि तासाभरात आणून सोडता. मी सगळ्यांना सांगते, बाप असावा तर असा. एवढं दुकान सांभाळून पोरीसाठी वेळ काढतो."

त्यातलं प्रत्येक वाक्य त्याला टोचलं. त्यानं भिंगरीला कधीच जेवायला नेलं नव्हतं. दर आठवड्याला नेऊ म्हणायचा आणि काचा घासत राहायचा.

"चष्मा असतो का माझ्या डोळ्यांवर? तेव्हा?"

काकू विचारात पडल्या. "आता तुम्ही म्हणताय तर... नसतो बहुतेक. पण चेहरा तुमचाच असतो हो. बोलणंही तुमचंच. मी काय वेडी आहे कुणालाही मूल द्यायला?"

"आता देऊ नका."

"कुणाला? तुम्हाला?"

पोलिसांत जावं म्हटलं तर तिथे काय सांगणार, मी माझ्या मुलीला जेवायला नेतो, मला पकडा? शेवटी त्याला सुचलं ते आपल्या धंद्यातलंच. "काकू, एक करा. माझ्या डोळ्यांवर चष्मा असेल तरच भिंगरीला सोडायचं. बिनचष्म्याचा आलो तर मी कितीही सांगितलं, रडलो, भांडलो, तरी दार उघडायचं नाही."

काकूंनी त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं, पण मान हलवली.

त्या रात्री त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, तुम्ही फार दमता. मग काकूंचं बोलणं ऐकलं तसा तिचा चेहरा उतरला आणि तिनं उठून दाराची कडी पुन्हा एकदा लावून पाहिली. "या गुरुवारी तुम्ही स्वतः तिला घेऊन घरी या," ती म्हणाली. "मी कुणाशी तरी पाळी बदलते आणि दुपारी घरी थांबते. काहीही झालं तरी पोरगी तुमच्या हातातून सुटता कामा नये. एवढंच करा."

मग दोघांनी भिंगरीला मधे बसवलं. चष्मेवाल्यानं तिचे दोन्ही हात धरले. "नीट ऐक बाळा. चष्मा असलेला बाबा खरा. बिनचष्म्याचा आला तर त्याच्याबरोबर जायचं नाही. हाक मारली तरी जायचं नाही. कळलं?"

"पण तिथे वाफ असते म्हणून तू काढून ठेवतोस," भिंगरी म्हणाली.

"तो मी नाही."

भिंगरी गोंधळली. तिनं आईकडे पाहिलं, आई रडत होती. "बरं," ती म्हणाली. "मी त्याला सांगेन तसं."

५

गुरुवारी सकाळपासून चष्मेवाल्यानं एकही काच घासली नाही. शाळा सुटायच्या आधीच तो काकूंच्या दारात जाऊन उभा राहिला. काकू भिंगरीला शाळेतून घेऊन आल्या, तर हा तिथे हजर. त्यांनी त्याच्या चष्म्याकडे निरखून पाहिलं, हसल्या आणि भिंगरीचा हात त्याच्या हातात दिला.

तिचा हात ऊबदार होता आणि ती नेहमीसारखी उड्या मारत चालत होती. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत चष्मेवाल्याला इतकं हलकं वाटायला लागलं की आपल्या भीतीची त्याला लाज वाटली. घरचा रस्ता हॉटेलावरून जात होता. तिथे भिंगरी थांबली.

"भूक लागली बाबा. आज नाही जायचं?"

इथे त्यानं पुढे चालायला हवं होतं. पण भीती गेली की माणसाला शहाणपण सुचतं, आणि ते बरेचदा नको तिथे सुचतं. त्याला वाटलं, पोरगी माझ्या हातात आहे. चष्मा माझ्या डोळ्यांवर आहे. मी इथे आहे म्हटल्यावर तो आत असणार कसा? एकदा दोघांनी मिळून त्या बाईंसमोर बसावं आणि काय तो सोक्षमोक्ष लावावा. शिवाय पोरीला जेवायला नेऊ नेऊ म्हणत किती दिवस गेले होते.

त्यानं दार ढकललं. घंटी वाजली. आणि थंडीतून वाफेत पाऊल टाकताच त्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या.

चष्मा घालणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हे होतं. साधी माणसं शर्टानं पुसतात आणि पुढे जातात. चष्मेवाला मात्र काचेला शर्ट लावणाऱ्यांना रोज दुकानात रागे भरायचा. काचेवर ओरखडे उठतात. पुसायचं तर मऊ फडक्यानं, दोन्ही हात मोकळे ठेवून, हे त्याच्या बोटांत मुरलेलं होतं. भिंगरीचा हात न सोडता तो चाचपडत कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेला. तिला खुर्चीत बसवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फडकं काढायला, फक्त फडकं काढायला, त्यानं तिचा हात सोडला आणि खिसा चाचपला.

खोली धुरकट पिवळी झाली होती. टेबलं, माणसं, भिंती, सगळं एकमेकांत मिसळलं होतं. आत झारा आपटत होता. कुठून तरी मालकीणबाईंच्या चपला सपसप करत आल्या, टेबलाशी थांबल्या आणि टेबलावर बाऊल टेकल्याचा आवाज झाला.

"आज तिघं का?" त्यांनी विचारलं.

अगदी रोजच्या आवाजात विचारलं. चष्मेवाल्यानं समोर पाहिलं. भिंगरीच्या लाल स्वेटरचा ठिपका त्याला दिसत होता. तो ठिपका अगदी स्थिर होता. आणि त्याच्या शेजारी, जिथे त्याच्या मते खुर्ची रिकामी होती, तिथे त्याच्या स्वतःच्या शर्टाच्या रंगाचं काहीतरी बसलेलं होतं. ते पुढे झुकलं. कोपर टेबलावर टेकवून, डावा खांदा किंचित उचलून. असा तो स्वतः बसत असे. बायको त्यावरून त्याला चिडवायची.

त्यानं चष्म्यासाठी हात पुढे केला. हाताला नुसतं ओलं टेबल लागलं. त्यानं इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. एक बाऊल लवंडला आणि गरम सूप त्याच्या मनगटावर सांडलं. चष्मा तिथे नव्हता.

"चला भिंगरे," कुणीतरी म्हणालं. "आज घरी जेवू."

खुर्ची सरकली. दाराची घंटी वाजली.

६

"बाई, माझा चष्मा. माझी मुलगी." एवढंच त्याला बोलता आलं.

"मुलगी गेली की आत्ता बापाबरोबर," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलतात तशा त्या सांभाळून बोलत होत्या. "तुम्हाला काय देऊ? आधी हात पुसून घ्या, भाजलाय."

त्यांना तसंच बाजूला सारून तो दाराकडे धडपडला. एका टेबलाचा कोपरा पोटात बसला, कुणीतरी शिवी दिली. बाहेर आला तर गल्ली उजेडानं भरलेली होती आणि त्या उजेडात नुसते रंग हलत होते. घरचा रस्ता डावीकडे. डावीकडे बरेच रंग होते. त्यात एक लाल ठिपका होता की दोन, ते त्याला कळेना.

भिंगरीची आई घरी होती. दुपारी घरी थांबते, म्हणाली होती. कडी लावून, जेवण वाढून वाट बघत असेल. दार वाजलं की आधी चष्मा बघेल आणि मग दार उघडेल. हे सगळं त्यानंच तिला शिकवलं होतं. तो भिंतीला धरून उभा राहिला.

"भिंगरे," त्यानं हाक मारली. मग छातीतला सगळा जोर लावून, "भिंगरे, इकडे ये. मी आहे. बाबा."

पुढे कुठेतरी लहान पावलं थांबली. फार दूर नव्हती.

"बाबा," भिंगरी हळू आवाजात म्हणाली, पण तिचा आवाज त्याला गर्दीतही ओळखू आला. "तो बघ. तुझ्यासारखाच आहे. तोच ना, बिनचष्म्याचा?"

"हो, तोच," त्याचाच आवाज म्हणाला. तो आवाज रागावलेला नव्हता. त्यात माया होती. "हाक मारली तरी जायचं नाही, ठरलंय ना आपलं? वळूनही बघायचं नाही. चल, आई वाट बघतेय."

चष्मेवाला दोन्ही हात पुढे करून त्या आवाजाकडे धावला, एका सायकलीला आदळला आणि पडला. जमिनीवरून त्यानं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. पावलं चालू लागली होती. ती उड्या मारत नव्हती. एका चालीत, सरळ, घराकडे जात होती. सात वर्षांत भिंगरीनं बापाचं कधी काही ऐकलं नव्हतं. त्या दुपारी मात्र तिनं शब्दन् शब्द ऐकला.